रीडिंग जुळत नाहीये? मग छानच!

गोष्ट फर्स्ट इयरची. मेकॅनिक्सची लॅब, दुपारी दोनची बॅच, एप्रिल महिना. जळगावचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. पंखा लावला की पेंडुलमचा दोरा वाऱ्याने हलतो, म्हणून पंखाही बंद. घामाघूम होऊन आम्ही चौघांनी सिंपल पेंडुलमचं रीडिंग घेतलं. दोऱ्याची लांबी ८० सेंटीमीटर, वीस आंदोलनांना लागलेला वेळ ३६.१ सेकंद. कॅल्क्युलेटरवर आकडे टाकले, तर ‘जी’ची किंमत आली ९.६९.

आता आली का पंचाईत! पुस्तकात ९.८१. शेजारच्या टेबलावर ९.८१. मागच्या वर्षीच्या सिनियरच्या जर्नलमध्येही ९.८१. मी पुन्हा रीडिंग घ्यायला निघालो, तर माझा पार्टनर (अमळनेरकडचा, अजूनही रूममेट आहे) म्हणाला, “कसाले इतलं डोकं लावस भो? नऊ पॉइंट एक्क्याऐंशी लिखी टाक अन् मोकया हुई जाय!”

आणि आम्ही मोकळे झालो. ९.८१ वरून उलटं गणित केलं, वेळ आला ३५.९ सेकंद. ३६.१ खोडरबरने पुसलं, ३५.९ लिहिलं. सही मिळाली. दहापैकी नऊ मार्क मिळाले. एक मार्क अक्षरासाठी कापला.

तुम्ही म्हणाल, यात काय नवीन? सगळेच करतात! तेच तर. सगळेच करतात म्हणूनच लिहायला बसलोय. मधल्या काळात मला एका वेगळ्याच भांडणाचा नाद लागला. ते भांडण आहे विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय याचं. गेली दहा-बारा वर्षं जगातले उत्तमोत्तम खगोलशास्त्रज्ञ त्यावर हुज्जत घालतायत. एका गटाचं उत्तर ६७, दुसऱ्याचं ७३. गंमत म्हणजे दोघांपैकी एकानेही खोडरबर हातात घेतलेलं नाही. हे वाचताना मला सारखं आमचं ते पेंडुलम आठवत होतं.

आधी भांडण काय ते सांगतो. सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल.

लांबच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळतायत, आणि जितकी दीर्घिका लांब तितकी ती जास्त वेगाने पळते, हे एडविन हबलने १९२९ साली मांडलं. किती अंतराला किती वेग, या आकड्याला हबलचा स्थिरांक म्हणतात. एकक जरा विचित्र आहे, दर मेगापार्सेकला इतके किलोमीटर प्रतिसेकंद. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. वेग मोजणं सोपं असतं, कारण प्रकाशाचा वर्णपट तांबड्या बाजूला किती सरकला ते पाहिलं की काम झालं. खरी मारामारी आहे ती अंतराची. आकाशात टेप लावता येत नाही ना!

मग करतात काय? आपल्या सर्व्हे कॅम्पसारखं. जवळच्या ताऱ्यांचं अंतर पृथ्वीच्या कक्षेचा पाया धरून त्रिकोणमितीने काढायचं. त्यावरून सेफीड नावाच्या लुकलुकणाऱ्या ताऱ्यांचं प्रमाण बसवायचं. हे तारे जितक्या सावकाश लुकलुकतात तितके ते मुळात तेजस्वी असतात. हा शोध हेन्रिएटा लेविट या बाईंचा, १९१२ सालचा. ज्या दीर्घिकेत सेफीडही दिसतात आणि एखादा ठरावीक जातीचा सुपरनोव्हाही फुटलाय, तिच्यावरून सुपरनोव्हाचं प्रमाण ठरवायचं. आणि मग सुपरनोव्हा धरून थेट शेकडो मेगापार्सेकपर्यंत जायचं. एक पायरी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. चेन सर्व्हेत साखळी जराशी ताणलेली असली तर पहिल्या साखळीला फरक कळत नाही, पण जळगावहून मोजत मोजत धुळ्याला पोचेपर्यंत तो फरक कुठल्या कुठे जातो! तसंच इथेही.

ॲडम रीस यांच्या गटाने या पद्धतीने २०२२ साली दिलेलं उत्तर आहे ७३.०४, अधिक-उणे १.०४.

दुसरी पद्धत अगदी उलटी. इथे मोजमाप आजच्या विश्वाचं नाही. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश मोकळा सुटला तो आजही सगळीकडून सूक्ष्मलहरींच्या रूपाने येतोय. प्लँक या युरोपियन उपग्रहाने त्यातले बारीक बारीक चढउतार टिपले. त्यावरून तेव्हाच्या विश्वात कशाचं प्रमाण किती होतं ते काढायचं, आणि ‘असं विश्व वाढत वाढत आज किती वेगाने पसरत असेल?’ हे गणिताने पुढे आणायचं. म्हणजे एक गट उभ्या इमारतीला टेप लावतोय, तर दुसरा पायाचा नकाशा बघून इमारतीची उंची सांगतोय. प्लँकचं २०१८ चं उत्तर ६७.४, अधिक-उणे ०.५.

फरक ५.६४. आता दोन्ही चुकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा (फर्स्ट इयरला शिकवलंय, खरंच शिकवलंय!). येतं १.१५. म्हणजे फरक हा अपेक्षित चुकीच्या जवळजवळ पाचपट आहे. निव्वळ योगायोगाने असं व्हायची शक्यता दहा लाखांत एखादी. दोघांनी आपापल्या चुका बरोबर मोजल्या असतील, तर कुठेतरी काहीतरी मोठं चुकतंय. एक तर टेप खराब, नाहीतर नकाशा अपुरा.

आणि नकाशाकडे बघाल तर तो खरोखरच गमतीशीर आहे. त्यात आपल्याला माहीत असलेला पदार्थ, म्हणजे तारे, ग्रह, वायू, तुम्ही, मी, कॅन्टीनचा वडापाव वगैरे सगळं धरून फक्त पाच टक्के. सुमारे सत्तावीस टक्के डार्क मॅटर, म्हणजे कृष्णद्रव्य. उरलेले अडुसष्ट टक्के डार्क एनर्जी. पंचाण्णव टक्के माल काय आहे ते माहीत नसताना इमारतीची उंची दशांश चिन्हापर्यंत सांगायची! (आमच्या ओरलला मी साधारण हेच करतो, पण मला जमत नाही.)

डार्क मॅटर म्हणजे काय ते हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. समजा मेसच्या रजिस्टरवर साठ मुलांची नावं आहेत. पण पीठ रोज पावणेचारशे जणांचं संपतंय. याचे अर्थ दोनच. एक तर रजिस्टरवर नसलेली तीनशे पंधरा माणसं गुपचूप जेवून जातायत, नाहीतर पिठाचं माप घेणाऱ्याचं मापटंच चुकीचं आहे. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहात असंच दिसलं. दीर्घिका इतक्या वेगाने फिरतायत की दिसणाऱ्या वस्तुमानाने त्या एकत्र राहूच शकत नाहीत. पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतला वायू केंद्रापासून दूरवरही तितक्याच वेगाने फिरतो हे मोजून दाखवलं. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारी माणसं जेवतायत. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली म्हटलं, मापटं तपासा, गुरुत्वाकर्षणाचा नियमच इतक्या लांबवर बदलत असेल. हे मत आज अल्पसंख्य आहे, पण मेलेलं नाही.

यातलं काही काम आपल्याच राज्यात झालंय हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. नारायणगावजवळच्या खोडद गावात जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. हायड्रोजनमधून येणाऱ्या एकवीस सेंटिमीटरच्या लहरी ऐकून दीर्घिका कशा फिरतात ते ती मोजते. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्याने २००५ साली एनजीसी ३७४१ या छोट्याशा दीर्घिकेभोवती हायड्रोजनची अशी प्रचंड तबकडी शोधली की तिच्यापुढे दिसणारी दीर्घिका म्हणजे परातीच्या मधोमध ठेवलेला पेढा. आणि तबकडीच्या फिरण्याचा वेग बघितला तर तिथे कृष्णद्रव्याचंच राज्य! पण ते द्रव्य कशाचं बनलंय, याचा एकही कण आजवर कुणाच्या उपकरणात सापडलेला नाही. अमेरिकेत, इटलीत, चीनमध्ये, आपल्याकडे झारखंडच्या जादुगुडा खाणीत अर्ध्या किलोमीटरहून खोल, सगळीकडे सापळे लावून ठेवलेत. उंदीर अजून आलेला नाही.

असो. मला सांगायचंय ते या लोकांच्या वागण्याबद्दल.

आधी हे सांगतो की तेही काही देवदूत नाहीत. हबलचं स्वतःचं उत्तर होतं ५००! त्यावरून विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षं यायचं, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही कमी. बाप मुलापेक्षा लहान. हबलने दोन वेगवेगळ्या जातींचे सेफीड एकच समजले होते, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली दाखवून दिलं. पुढे १९७० नंतरची वीसेक वर्षं ॲलन सँडेज यांचा गट म्हणायचा ५० आणि जेरार द व्होकुलर म्हणायचे १००. दोघेही आपली चूक फार तर दहा टक्के असं सांगायचे. एक जण ५० म्हणतो, दुसरा १०० म्हणतो आणि चूक मात्र दहा टक्के! शेवटी २००१ साली हबल दुर्बिणीच्या प्रकल्पाने वेंडी फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखाली ७२ अधिक-उणे ८ असं उत्तर दिलं, तेव्हा दोघेही आपापल्या चुकांबद्दल फार आशावादी होते हे कळलं. थोडक्यात, थोर माणसंही आपल्या आवडत्या आकड्याच्या प्रेमात पडतात.

आणि हे ओळखूनच त्यांनी स्वतःवर एक युक्ती केली. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. काही गट आता उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवतात. म्हणजे काय, तर सगळं विश्लेषण चालू असताना कॉम्प्युटर शेवटचा आकडा दाखवतच नाही, किंवा त्यात एक गुप्त संख्या मिसळून दाखवतो. सगळ्या चुका शोधून झाल्या, पद्धत पक्की झाली, सगळ्यांचं एकमत झालं की मगच पडदा उघडायचा. आणि जे येईल ते छापायचं. गुरुत्वीय भिंगांवरून हबलचा स्थिरांक काढणाऱ्या एका गटाने असंच केलं. त्यांचं २०१९ चं उत्तर आलं सुमारे ७३.३, चूक पावणेदोनच्या आसपास. रीस यांच्या बाजूने मस्त मत पडलं! पण पुढच्याच वर्षी त्याच लोकांनी स्वतःला विचारलं, भिंगाचं काम करणाऱ्या दीर्घिकेत कृष्णद्रव्य कसं पसरलंय याबद्दल आपण जे गृहीत धरलं ते काढून टाकलं तर? आणि त्यांनी दुसरा पेपर छापला. उत्तर ७४.५, पण चूक आता पाच-सहा! म्हणजे स्वतःच्याच निकालाची धार त्यांनी स्वतः बोथट केली.

आमच्या लॅबमध्ये असं कुणी केलं असतं तर त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं.

उत्तर आधी कळू द्यायचं नाही ही युक्ती आपल्याकडेही वापरली गेलीय, आणि तीही कुणी वापरली? जयंत नारळीकरांनी! २००८ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. त्यातल्या चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांना पाठवल्या आणि विचारलं, कुठली कुणाची ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी यश शेहेचाळीस टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं! ही चाचणी इतकी चोख होण्याचं कारण म्हणजे उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. ज्योतिषांना नव्हतंच, पण पत्रिका पाठवताना पाठवणाऱ्यालाही कळू नये अशी सांकेतिक क्रमांकांची व्यवस्था होती.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते माहीत आहेत ते शाळेच्या पुस्तकातल्या धड्यामुळे किंवा ‘यक्षांची देणगी’मुळे. स्वाक्षरी मागणाऱ्या पोरांना ते सांगायचे, स्वाक्षरी देणार नाही, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन. आणि देतही. पण त्यांच्याबद्दल मला सांगायचंय ते जरा वेगळं आहे. हा माणूस आयुष्यभर अल्पमतात होता. सगळं जग महास्फोटाच्या बाजूने गेल्यावरही फ्रेड हॉईल यांच्यासोबत ते त्याला विरोध करत राहिले. १९९३ साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर विश्वाच्या कल्पनेची सुधारित आवृत्ती मांडली. न दिसणारं द्रव्य, न दिसणारी ऊर्जा असे घटक एकामागून एक घालून सिद्धान्त वाचवत राहणं त्यांना पटत नव्हतं. आता, मला वाटतं या वादात ते हरले. सूक्ष्मलहरींचा पुरावा महास्फोटाच्या बाजूने फारच भक्कम आहे, आणि प्लँकच्या आलेखावर बिंदू आणि रेषा इतक्या जुळतात की बघत राहावं. पण पुण्यात ‘आयुका’ ही संस्था १९८८ साली त्यांनीच उभी केली, आणि त्याच आयुकात थाणू पद्मनाभन यांच्यासारखे डार्क एनर्जीवर काम करणारे लोक मजेत वाढले. संचालकाचं मत एक आणि खालच्या खोलीतल्या माणसाचं दुसरं! आमच्याकडे साधं एचओडी सरांच्या नोट्सपेक्षा वेगळं डेरिव्हेशन लिहायची टाप नाही.

सर, मॅडम, राग मानू नका. तुमची बाजू मला ठाऊक आहे. एका बॅचला वीस-बावीस पोरं, सेट तीन, त्यातला एक बंद. दोन तासांत प्रयोग, कॅल्क्युलेशन, आधीच्या प्रयोगाचं करेक्शन. वर एक्स्टर्नल येणार आणि ‘ॲन्सर बरोबर आहे का’ एवढंच बघणार. अशा वेळी ९.६९ घेऊन आलेल्या पोराबरोबर अर्धा तास चुकीचा शोध घेत कोण बसणार? पण याचा परिणाम काय होतो बघा. तीन वर्षांत मी केलेल्या एकाही प्रयोगाचं उत्तर चुकलेलं नाही. एकही नाही! नोबेलवाल्यांना जमलं नाही ते आम्ही जळगावात बसून करून दाखवलं.

आता पेंडुलमची खरी गंमत ऐका. मागच्या सुट्टीत मी सहज हिशोब केला. ‘जी’ची किंमत सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताकडे ती कमी, ध्रुवांकडे जास्त. पुस्तकातलं ९.८१ हे साधारण पंचेचाळीस अंश अक्षांशावरचं आहे. जळगाव एकवीस अंशावर, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. सूत्रात घाला, उत्तर येतं ९.७९. म्हणजे जळगावात, धुळ्यात, शिरपुरात, कुठेही अख्ख्या खान्देशात ‘जी’ ९.८१ नाहीच! इतकी वर्षं जर्नलमध्ये जे ‘बरोबर’ उत्तर चाललंय ते या गावचं उत्तरच नव्हे.

आणि आमचं ते ९.६९? स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूक ०.२ सेकंद धरली (ती असतेच), तर ३६.१ सेकंदांवर ती अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त. ‘जी’मध्ये वेळेचा वर्ग येतो, म्हणून चूक दुप्पट. म्हणजे ९.६९ अधिक-उणे ०.११. ९.५८ ते ९.८०. खरं ९.७९ या पट्ट्यात बसतंय, आणि पुस्तकातलं ९.८१ काठाच्या किंचित बाहेर! जे रीडिंग आम्ही खोडरबरने पुसलं ते बरोबर होतं. आम्ही ते पुसून चुकीचं लिहिलं आणि नऊ मार्क घेतले. हे कळल्यावर मी रूममेटला झोपेतून उठवून सांगितलं. त्याने दिलेलं उत्तर इथे छापता येणार नाही.

रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली एका पदवीदान समारंभाच्या भाषणात मिलिकनची गोष्ट सांगितली होती. मिलिकनने इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजला, पण हवेची चिकटता थोडी चुकीची धरल्यामुळे उत्तर जरासं कमी आलं. नंतरच्यांची उत्तरं पाहिली तर ती एकदम बरोबर किमतीवर जात नाहीत, हळूहळू वर सरकतात. कारण ज्याचं उत्तर मिलिकनपासून फार लांब यायचं तो स्वतःच्या चुका शोधत बसायचा, आणि ज्याचं जवळ यायचं तो शोधायचा नाही. खोडरबर न वापरताही रीडिंग जुळवता येतं ते असं.

पावसाळ्यात आम्ही हॉस्टेलचे सहा जण चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो होतो. धबधबे, माकडं, भजी वगैरे झालं. बरेच जण तिथे जातात, पण तिथल्या शिलालेखाबद्दल फार थोड्यांना माहीत असतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ वगैरे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असा तो १२०७ सालचा लेख. शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचं जन्मगाव विज्जडविड म्हणजे हेच पाटण की दुसरं कुठलं, यावर पंडितांमध्ये वाद आहे, तो मी सोडवणार नाही. पण आठशे वर्षांपूर्वी खान्देशात गणित-ज्योतिषाचं कॉलेज होतं, आणि त्याला ग्रँटही मिळत होती, एवढं पक्कं.

तर या भास्कराचार्यांनी १११४ मध्ये जन्म घेऊन ११५० मध्ये, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात आकाशाच्या कक्षेचा परीघ दिलाय, १८७१२०६९२०००००००० योजनं. सतरा आकडी संख्या! परंपरेने काही जण याला ब्रह्मांडाचा परीघ मानत. आणि भास्कराचार्य काय म्हणतात? ब्रह्मांड एवढं असो वा नसो, एका कल्पात ग्रह जितकी योजनं चालतो तितकी ही संख्या आहे, आणि आमच्या मते तेवढाच तिचा अर्थ. म्हणजे हिशोब कुठे संपतो आणि ऐकीव गोष्ट कुठे सुरू होते, ती रेघ त्यांनी ओढून ठेवली. संख्या आज चूक आहे. रेघ मात्र जागच्या जागी आहे.

आपल्या कॉलेजात काय करता येईल? मोठं काही नाही, खर्चही नाही. बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून टाका, मग करू दे ओहमचा नियम सिद्ध. स्प्रिंगच्या प्रयोगात स्प्रिंगची किंमत फक्त लॅब असिस्टंटकाकांच्या वहीत असू द्या. जर्नलमध्ये ‘रिझल्ट’च्या खाली ‘चूक किती आणि का’ असा एक रकाना वाढवा, आणि दहातले चार मार्क त्याला द्या. ज्याचं उत्तर ठरलेल्या किमतीशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळेल त्याला पुन्हा रीडिंग घ्यायला लावा! यातलं चिकटपट्टीचं तर येत्या सोमवारीसुद्धा होण्यासारखं आहे.

तिकडे विश्वाचं भांडण अजून मिटलेलं नाही. जेम्स वेब दुर्बिणीने सेफीडची अंतरं पुन्हा तपासली, रीस यांच्या मोजमापात मोठी चूक सापडली नाही. फ्रीडमन यांच्या गटाने दुसऱ्या जातीचे तारेही धरून २०२५ मध्ये ७०.४ च्या आसपास उत्तर दिलं, आणि त्यांच्या मते ताण आहे असं अजून म्हणता येत नाही. रीस यांना ते पटत नाही. त्यातच डेसी नावाच्या सर्वेक्षणाने २०२४ आणि २०२५ मध्ये डार्क एनर्जी कालानुसार बदलत असावी असे इशारे दिले. खरे ठरले तर नकाशाच बदलावा लागेल.

आणि यात पुढचा साक्षीदार आपल्या हिंगोलीतून येऊ शकतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांब दोन बाहू. गुरुत्वीय लहरींवरून अंतर थेट मिळतं, मधल्या पायऱ्या लागत नाहीत, ही कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्येच मांडली होती. आणि या लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या पद्धतीवर आयुकात संजीव धुरंधर यांनी कितीतरी आधीपासून काम केलंय. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, लहरही आली आणि प्रकाशही दिसला. त्यावरून हबलचा स्थिरांक आला ७०. चूक वरच्या बाजूला १२, खालच्या बाजूला ८. म्हणजे ६७ पण बसतं आणि ७३ पण! त्यांनी ते तसंच छापलं. अशा डझनावारी घटना हव्यात, तेव्हा कुठे निकाल लागेल.

आम्हीही पेंडुलम पुन्हा केलं. हॉस्टेलच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावरून दोर सोडून, खाली पाण्याने भरलेली बरणी बांधली. (रेक्टर सर, दोर लगेच काढला होता.) लांबी ८.२० मीटर, दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. वीस आंदोलनं, तिघांनी तीन मोबाइलवर वेळ लावली आणि झाकून ठेवली, एकमेकांना दाखवली नाही. सरासरी ११५.२ सेकंद. उत्तर आलं ९.७६, अधिक-उणे ०.०६.

म्हणजे आमच्या दोराला ९.७९ आणि ९.८१ यातला फरक दिसतच नाही. रूममेट म्हणतोय, पाचव्या मजल्याएवढी उंची पाहिजे आणि शंभर आंदोलनं मोजली पाहिजेत. धुळ्याच्या एका मित्राच्या कॉलेजात पाण्याची टाकी उंच आहे म्हणे. दिवाळीनंतर परवानगी मिळते का बघतोय.